गवळणीचा तपास

१५ ऑगस्ट १९३३, मंगळवार

ही डायरी गेल्या सालची आहे. सायझिंग मास्तरांच्या टेबलाच्या खणात कोरी पडली होती, ती त्यांनी मला दिली. छापलेला वार चुकतो, म्हणून तो खोडून खरा वार हातानं लिहीत जाईन. मी लिहिण्याच्या नादाचा माणूस नाही. मराठी पाचवी करून गिरणीत लागलो, खळखात्याचा, म्हणजे सायझिंगचा, मुकादम झालो, आणि हजेरीपलीकडे कधी काही लिहिलं नाही. पण परवा रविवारी दुपारी आमची गवळण मेली. ती आपल्या मरणानं मेली नाही, असा माझा संशय आहे. फौजदाराकडे मांजराची फिर्याद घेऊन गेलो तर तो मलाच आत बसवील. तेव्हा तपास मलाच करायचा आहे, आणि तपास म्हटला की कागद आला.

गवळण हे मांजराचं नाव. अंगानं पांढरी, डोक्यावर मात्र पदर घेतल्यासारखा राखी पट्टा, आणि सगळ्या चाळीच्या दुधावर हक्क सांगायची, म्हणून केराबाईनं हे नाव ठेवलं. केराबाई माझी बायको. सात वर्षांमागं सांगोल्याकडून येताना घोंगडीच्या खोळीत घालून तिनं हे पिल्लू आणलं. वाटेत मोटारवाल्यानं विचारलं, आत काय हाय, तर म्हणाली, लेक हाय. दोन वर्षांमागं माघात केराबाई तापानं गेली. तिच्या हातचं म्हणून गवळण तेवढी राहिली होती, आता तीही नाही. घरात शिरलो की अजून आधी बाजेखाली वाकून बघतो. हे इथंच लिहून ठेवतो, तोंडानं कोणाला सांगणार नाही.

१६ ऑगस्ट, बुधवार

येडू म्हणतो, आबा, म्हातारी झाली हुती. येडू माझा मुलगा, मागाखात्यात कामाला आहे. नावाप्रमाणेच भोळा आहे. सात वर्षं हे काय मांजराचं मरायचं वय? मी धनगराचा पोर, जनावर कसं मरतं ते मला पुस्तकावाचून कळतं. म्हातारं मांजर घर सोडून जातं, कुठं जाऊन मरतं ते दिसत नाही. ही घरातच मेली, माझ्या बाजेखाली, माझ्या वहाणांवर डोकं ठेवून. आषाढापासून वाळत चालली होती. तोंडातून लाळ गळायची, खाल्लेलं ओकून टाकायची, शेवटी शेवटी नुसता फेस. हे विषाचं लक्षण. तेही एका दिवसाचं नाही, रोज थोडं थोडं पोटात गेलेलं. म्हणजे हे काम रोज तिच्याजवळ येणाऱ्या माणसाचं आहे.

मी संशयी नाही. केराबाई म्हणायची तसं, पण मी नाही. मी फक्त नजर ठेवतो.

२० ऑगस्ट, रविवार

गिरण बंद. संध्याकाळी सहाच्या सुमारास उगाच उंबऱ्यावर जाऊन बसलो.

या वेळेला गवळण वाट बघत असायची. सुताचा ताणा मागावर तुटू नये म्हणून त्याला जी खळ चढवतात, ती माझ्या हाताखाली शिजते. तिच्यात पीठ असतं, चरबी असते, आणि सुताला बुरशी धरू नये म्हणून एक औषध. खळ जमली की नाही हे मास्तर काचेच्या नळीत बघतात. मी निवत आलेल्या खळीत कोपरापर्यंत हात घालतो आणि बोटं चोळून सांगतो. मास्तरांची नळी दोनदा चुकली आहे, माझी बोटं अजून चुकलेली नाहीत. घरी येईपर्यंत चरबीचा थर हातावर वाळलेला असायचा. मी उंबऱ्यावर बसून हात पुढे करायचे आणि गवळणीनं बोटांपासून कोपरापर्यंत चाटून ते लख्ख करायचे. पूर्वी केराबाई गरम पाण्यानं माझे हात शेकायची. ती गेल्यावर हे काम गवळणीनं आपणहून घेतलं. यंदा आषाढात त्या औषधाची नवी पिंपं आली आणि मास्तरांनी प्रमाण दुप्पट केलं. तेव्हापासून हात चरचरतात. तिची जीभ फिरली की बरं वाटायचं. दिवसभरात मायेनं जवळ येणारा तेवढाच एक जीव होता.

आज बसलो होतो तर सून मायाक्का पाण्याची बादली आणि राख घेऊन दारात हजर. म्हणाली, मामा, हात धुवा. मी म्हटलं, आज गिरणीत गेलो कुठे? हात स्वच्छ आहेत. तर गोंधळली, सवयीनं आणलं म्हणाली.

आता ही सवय कधीपासूनची? आषाढापासूनची. त्याआधी तिनं कधी माझे हात बघितले नव्हते. पुढे पुढे तर मी चौकातून वळतोय तोच ही बादली घेऊन मला आडवी यायची, गवळण माझ्यापर्यंत पोहोचू नये म्हणून. मी दर वेळी बादली बाजूला सारून मांजराला जवळ घेतलं. आषाढात मांजर आजारी पडतं आणि आषाढातच सुनेला सासऱ्याच्या हातांचा पुळका येतो. मी काही म्हणत नाही. महिने तेवढे लिहून ठेवतो.

२२ ऑगस्ट, मंगळवार

काही घडलं नाही. शेजारची गोजरबाई दोनदा दारावरून गेली, एकदाही आत बघितलं नाही. एरवी रोज बघते.

२७ ऑगस्ट, रविवार

गोजरबाईचा जबाब घेतला. जबाब म्हणालो नाही, ताक मागायला गेलो. ताकाला जाऊन भांडं लपवू नये म्हणतात, पण तपासात लपवावं लागतं. गवळणीनं तिचं दूध किती वेळा फस्त केलं याचा हिशेब नाही. ज्येष्ठात तर ही बाई चाळीच्या मधोमध उभी राहून ओरडली होती, येक दिवस हिला दावते म्हणून. ते सगळ्यांनी ऐकलं आहे.

मी मांजराचा विषय काढला आणि गोजरबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, माजं दूध प्यायची, पर उंदीर बी माजंच मारायची की. मग पदरानं डोळे पुसत म्हणाली, मांजर मारलं तर काशीला जाऊन सोन्याचं मांजर द्यावं लागतंय. माज्याकडं पितळंचं बी न्हाय, मी कशाला मारू?

बोलणं पटण्यासारखं आहे. पण मी मारण्याचा शब्दही काढला नव्हता, तो तिनं काढला. खाई त्याला खवखवे. नाव कायम ठेवलं आहे. ताक आंबट होतं.

३ सप्टेंबर, रविवार

समोरचा नरसय्या. तेलंगी साळी आहे, घरात दोन हातमाग, दारात कोंबड्या. चैत्रात त्याचं एक पिल्लू गेलं तेव्हा तो आठ दिवस गवळणीकडे बघून खाकरायचा. आज त्याला आडून विचारलं. तो म्हणतो, पिल्लू घारीनं नेलं, मी डोळ्यांनी बघितलं. मग खाकरायचा का? तर म्हणाला, मला खोकला हाय, मुकादम. एवढ्यात खोकलाही आला. वेळेवर आला, हे लिहून ठेवतो.

निघताना नरसय्यानं विचारलं, सूनबाई बरी हाय का? हात लई उलल्यात तिचं. मी म्हटलं, तुला काय करायचंय? तिचे हात उलले आहेत, बोटांना भेगा पडल्या आहेत, हे खरं आहे. माझी धोतरं धुतली की बोटं चरचरतात अशी तिची तक्रार असते, आणि मला ती कामाचा कंटाळा वाटते. चाळीत सगळ्याच बायका धोतरं धुतात, कोणाचे हात उलत नाहीत.

९ सप्टेंबर, शनिवार

आज सगळं उलटलं. मी उगाच बाहेर हिंडत होतो. चोर घरात आहे.

सुनेची पेटी उघडी होती. उघडी म्हणजे कडी नव्हती, झाकण मी जरा वर केलं. आत लुगड्याच्या घडीत कागदाची पुडी, पुडीत राखाडी भुकटी. आणि मला लख्ख आठवलं. आषाढाच्या शेवटी एका सकाळी मायाक्का गवळणीच्या वाटीत दूध घालत होती, आणि कनवटीची पुडी सोडून चिमूटभर काहीतरी त्यात टाकत होती. मी बघतोय हे दिसताच पुडी लपवली. तेव्हा मी साखर समजलो. मांजराला साखर कोण घालतं?

कारणही आहे. तिला दिवस गेले आहेत, आता सहावा सरून सातवा लागतोय. बाळंतिणीच्या खोलीत मांजर नको, पाळण्यात जाऊन बसतं, असं बायका म्हणत असतात. तिला सरळ सांगवलं नसेल.

ही सून केराबाईनंच पसंत केली होती, अक्कलकोटाकडची, कानडी मुलखातली. केराबाईनं या घरात दोन जीव आणले. त्यातल्या एकानं दुसऱ्याचा घास घेतला असेल, तर मी केराबाईला काय तोंड दाखवू?

१० सप्टेंबर, रविवार

येडूला पुडी दाखवली. तो बघतच राहिला. म्हणाला, आबा, ही सिद्धेश्वराची इभूत हाय. मांजर बरं व्हावं म्हनून ती तळ्यातल्या देवळात जाऊन घेऊन आली हुती, अनवानी. मग त्यानं विचारलं, तुमी तिची पेटी उगडली?

मी पुडी परत घेतली. बायकोनं जे सांगितलं ते तो बोलतोय. राख कुठलीही राखाडीच दिसते. खात्री करावी म्हणून चिमूटभर भातात कालवून पत्र्यावर ठेवली. कावळा आला, खाऊन उडून गेला. दुपारपर्यंत वाट बघितली, मेलेला कावळा कुठे दिसला नाही. पण कावळ्याचा काय भरवसा, दुसऱ्या पेठेत जाऊन मेला असेल.

१२ सप्टेंबर, मंगळवार

आणखी एक गोष्ट आठवली, विसरण्याआधी लिहितो. गवळण माझे हात चाटायला लागली की सून आतून कानडीत काहीतरी पुटपुटायची. एकदा जवळ येऊन मांजराकडे बघत दोन-तीनदा म्हणाली. शब्द माझ्या कानात बसला आहे. नेक्कबेड, नेक्कबेड. मला कानडी शिव्यांपुरती येते, ही शिवी नव्हती. मंत्र असावा. त्या दिवसानंतर गवळणीनं भाकर सोडली.

१७ सप्टेंबर, रविवार

येडूशी बोलाचाली झाली. मी म्हटलं, मला न्याय पाहिजे. तो म्हणाला, आबा, मांजर गेलं, आता मानसं ऱ्हाऊ द्या. मोठा शहाणा झाला.

ठरवलं आहे. पुढच्या रविवारी भंडारा उचलायचा. बिरोबाचा भंडारा म्हणजे दिसायला हळद, पण आमच्यात तो कोर्टाच्या वर. भंडारा उजव्या हातात घेऊन खोटं बोललं तर ते वंशाला लागतं. माझ्या वडलांनी मेंढरांच्या चोऱ्या अशाच पकडल्या. कोणाला मारायचं नाही, शिवी द्यायची नाही, ताटली फक्त पुढे करायची.

शब्दही मी नीट बांधले आहेत, पळवाट राहू नये म्हणून. मी गवळणीला मारलं नाही, आणि कोणी मारलं ते मला ठाऊक नाही. दोन्ही म्हणायचं.

२४ सप्टेंबर, रविवार

सकाळी आमच्या ओसरीवर सगळे जमले. गोजरबाई नवं लुगडं नेसून आली. तिनं भंडारा उचलला, दोन्ही वाक्यं खणखणीत म्हटली, आणि आपलं दूध कोण पितं तेही याच ताटलीवर ठरवा म्हणाली. नरसय्यानं आपल्या देवाचं नाव घेऊन उचलला. मध्ये खोकला, पण शब्द पुरे केले. येडूनं माझ्याकडे न बघता उचलला.

मग मायाक्का. पदर डोक्यावर घेऊन पुढे आली, भंडारा हातात घेतला. माझी नजर तिच्या हातावर होती, बोटांना भेगाच भेगा. म्हणाली, मी गवळणीला मारलं न्हाय. आणि थांबली.

मी म्हटलं, पुढचं.

तिनं भंडारा परत ताटलीत ठेवला. म्हणाली, पुढचं म्हनायचं न्हाय मला.

येडू तिला म्हणाला, म्हन की, दोन शब्द हायती. ती म्हणाली, पोटात पोर हाय, खोटं कसं म्हनू? मी विचारलं, म्हणजे कोणी मारलं ते तुला ठाऊक आहे? मी म्हटलं, नाव सांग. तिनं नकाराची मान हलवली. डोळ्यांतून पाणी चाललं होतं.

चोराच्या मनात चांदणं. एवढं झाल्यावर आणखी काय पुरावा पाहिजे? स्वतःच्या तोंडानं तिनं कबूल केलं की ठाऊक आहे. दुसऱ्या कोणाला ती कशाला पाठीशी घालील?

उचलायला लावणाऱ्यानं शेवटी स्वतः उचलायचा असतो, नाहीतर न्याय पुरा होत नाही. मी उजव्या हातात भंडारा घेतला आणि म्हटलं, मी गवळणीला मारलं नाही, आणि कोणी मारलं ते मला ठाऊक नाही. आवाज जरा चढलाच. मायाक्कानं तेव्हा माझ्याकडे जसं बघितलं, तसं माझ्याकडे आजवर कोणी बघितलं नाही. घाबरून बघावं तसं. पण माझ्यासाठी ती कशाला घाबरेल?

२६ सप्टेंबर, मंगळवार

मायाक्का गेली. पहिलं बाळंतपण माहेरीच, त्यामुळे चाळीत बोभाटा नाही. येडूला मी स्पष्ट सांगितलं की पोहोचवून ये, पण परत आणायचं नाही. पोर आमचं आहे, ते पुढे बघू. तो म्हणाला, ती यायची न्हाय तर मी बी हितं ऱ्हायचा न्हाय. म्हटलं, बघू.

जाताना ती माझ्या पाया पडली. दारात बादली भरून ठेवली होती.

१ ऑक्टोबर, रविवार

दसरा झाला. येडूनं सोनं दिलं, तोंडानं काही बोलला नाही. दोघे आलटूनपालटून भाकरी करपवतो.

८ ऑक्टोबर, रविवार

आज लिहू की नको असं दोन तास चाललं होतं. लिहितो.

माझ्या हाताखालचा सिद्धाप्पा सकाळी बोलवायला आला, त्याची शेळी आजारी. धनगर म्हणून शेळीमेंढीचं मला विचारतात. गेलो. शेळी भिंतीला टेकून उभी, तोंडातून लाळ, पोट आत गेलेलं, पुढ्यातला पाला तसाच. मी तिचा जबडा उघडला आणि मला गवळण दिसली. तेच तोंड, तीच लाळ, हिरड्यांचा तोच पांढुरका रंग.

विचारलं, हिला काय घालतोस? सिद्धाप्पा म्हणाला, पालाच घालतो. पर ही लबाड माजं धोतर चाटतीया. गिरणीतनं आलो की खुंटीला लावतो, खळीनं कडक झालेलं. चरबीचा वास येतुया न्हवं. दोन म्हयनं झालं, सोडत न्हाय.

मी शेळीजवळ खाली बसलो. सिद्धाप्पाला वाटलं मी नाडी बघतोय. मास्तरांनी आषाढात नव्या पिंपांपाशी उभं राहून सगळ्यांना सांगितलं होतं, औषध कडक आहे, भाकरीआधी हात धुवा. मी भाकरीआधी धुतच होतो. भाकर रात्री आठला, आणि मांजर सहाला.

सिद्धाप्पा अक्कलकोटाकडचाच. उठताना त्याला विचारलं, नेक्कबेड म्हणजे काय? तो म्हणाला, चाटू नगं. का वो मुकादम?

काही नाही म्हटलं. धोतर विहिरीवर नेऊन धू आणि शेळीला ताक पाज एवढं सांगून घरी आलो.

रोज थोडं थोडं. रोज जवळ येणाऱ्या माणसाचं काम. माझीच अक्षरं आहेत. गवळण आजारी पडल्यावरही दमलेली, लटपटत उंबऱ्यापर्यंत यायची, आणि मला वाटायचं, बघा किती माया. मी तिला उचलून हातावर घ्यायचो. केराबाईची लेक माझ्या हातानं मेली, आणि त्याच हातात मी भंडारा घेतला.

९ ऑक्टोबर, सोमवार

खळीत हात घातला नाही. मास्तरांना म्हटलं, नळीनं बघा. ते हसले, बरं वाटत नाही का म्हणाले. मास्तरांना शेळीचं सांगितलं. मान डोलावून त्यांनी कागदावर टिपून घेतलं.

येडूला सांगितलं. सगळं, शेळीपासून नेक्कबेडपर्यंत. तो पाटावर बसून ऐकत होता. शेवटी म्हणाला, मला ठाऊक हाय, आबा. भंडारा झाला त्या रातीच तिनं सांगितलं. म्हनाली, मामांना कळलं तर ते जगायचे न्हाईत, तू शपथ घे. म्हणजे माझा मुलगा पंधरा दिवस ही गोष्ट पोटात घेऊन माझ्याबरोबर करपलेल्या भाकरी खात होता, आणि मी त्याच्या गप्प बसण्यावरही पाळत ठेवून होतो.

१५ ऑक्टोबर, रविवार

पहाटेच्या गाडीनं अक्कलकोट रोडला उतरलो, पुढे चार मैल चालत. येडूला आणलं नाही. हे एकट्यानं करायचं काम होतं. डायरी रुमालात बांधून घेतली होती, का घेतली ते मला सांगता यायचं नाही.

व्याही ईरप्पा दारातच होते. गूळपाणी दिलं. मायाक्का आतून आली, आठवा महिना, चालताना भिंतीला हात लावत. हाताच्या भेगा बुजल्या आहेत. मी रस्त्यानं पाठ केलेलं सगळं विसरलो. म्हटलं, मी मारलं तिला. माझ्या हातानं. तुला ठाऊक होतं.

ती म्हणाली, व्हय.

मी विचारलं, मग सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, काय सांगू? सासूबाईंचं मांजर. तुमी तिला मांडीवर घेऊन बसायचा, तवा तुमचं त्वांड बघितलं हाय मी. तुमीच मारताय म्हनून कुटल्या तोंडानं सांगायचं? मी पानी आनून ठेवत हुते, मला वाटलं तेवढ्यानं भागंल.

मी म्हटलं, चल घरी. तिनं भिंतीवरचा हात काढला नाही. मला राहवलं नाही, विचारलं, मी तुला आधी साधं विचारलं असतं, तर सांगितलं असतंस? तिनं खरंच विचार केला. मग म्हणाली, न्हाय, सांगितलं नसतं. पर तुमी इचारलं असतं तर मला बरं वाटलं असतं. तुमी भंडाराच पुढं केला. चार लोकांत.

मग तिची नजर रुमालाकडे गेली. म्हणाली, ती वही हाय न्हवं? माज्यावर लिवलेली? मी म्हटलं, हो. ती म्हणाली, वाचा.

मी म्हटलं, त्यात चांगलं काही नाही. ती म्हणाली, म्हनून तर.

मग ईरप्पा, त्यांची बायको आणि मायाक्का जमिनीवर बसले आणि मी १५ ऑगस्टपासून वाचायला लागलो. एक ओळ गाळली नाही. गाळावीशी वाटली तिथं मायाक्का माझ्या बोटाकडे बघत होती, वाचता येत नसताना. ईरप्पांना मराठी थोडं कळतं, उरलेलं ती कानडीत सांगत होती. कावळ्यापाशी ईरप्पा हसले, मग आपण हसलो हे आठवून गंभीर झाले. पेटीचं झाकण जरा वर केलं, इथं विहीणबाई उठून आत गेल्या. बादली सारून मांजराला जवळ घेतलं, हे वाचलं तेव्हा मायाक्कानं पदर तोंडाला लावला. दिवसभरात मायेनं जवळ येणारा तेवढाच एक जीव, ही ओळ तिनं कानडीत कोणाला सांगितली नाही. मी वाचता वाचता दोनदा थांबलो. दोन्ही वेळा तिनं पाणी दिलं आणि म्हणाली, पुढं वाचा.

वाचून झालं तेव्हा ऊन उतरलं होतं. मी विचारलं, येशील का? बाळंतपण झाल्यावर, तू म्हणशील तेव्हा. येडू तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलाय. मीही.

तिनं वही माझ्या पुढ्यात सरकवली. मग म्हणाली, आजचं बी लिवा. हितंच, माज्यासमोर. मायाक्का येनार हाय का न्हाय ते तिनं अजून ठरीवलं न्हाय, असं लिवा.

तसं लिहिलं आहे. तिनं ते मोठ्यानं वाचायला लावलं. ऐकून म्हणाली, ठरवायचं तिचं तिनं हाय, कुनी इचारायचं न्हाय, ह्ये बी लिवा.

तेही लिहिलं.